गाईला भाकडकाळ आहे, आईला नाही

शेतावर घर करून राहणाऱ्या, आपलं दूध, अंडी, भाजीपाला आपणच पिकवू पाहणाऱ्या कुटुंबांत एक वाद वरचेवर पेटतो. या घरातल्या आईनं स्वतःची काळजी घ्यायची कशी, आणि त्याला वेळ आहे कुणाला? वाद महत्त्वाचा आहे, पण तो ज्या तऱ्हेनं चाललाय त्यानं कुणाचीही पाठ दुखायची थांबणार नाही. एकीकडे सुगंधी मेणबत्त्या, चेहऱ्याचे लेप आणि ‘रोज दहा मिनिटं फक्त स्वतःसाठी’ असले सल्ले. दुसरीकडे ‘आमच्या आज्यांनी कुठं घेतली होती काळजी?’ हा ठेवणीतला सवाल. दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर मात्र एकमत दिसतं, ते म्हणजे हा त्या बाईचा खासगी प्रश्न आहे. तिनं वेळ काढावा, नाहीतर तिनं सोसावं. काहीही झालं तरी करायचं तिनंच.

माझं म्हणणं असं, की आईची विश्रांती हा शेतघराच्या नियोजनाचा भाग आहे. पाणी, चारा, बियाणं यांचा हिशेब जसा हंगामाआधी मांडतात, तशीच ती आधी मांडायची आणि मग किती जनावरं, किती वाफे, किती बरण्या हे ठरवायचं. कामं उरकून उरलेल्या वेळात ती मिळेल, ही आशा खोटी आहे. शेतावर वेळ उरत नाही.

हे कळायला शेतघराला बाहेरच्या कुणाकडून शिकायची गरज नाही. गाय व्यायच्या साधारण 60 दिवस आधी तिला आटवतात, म्हणजे धार काढणं बंद करतात. का? कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशी त्या काळात नव्यानं भरून येतात. हा काळ फारच आखडला तर पुढच्या वेताचं दूध घटतं आणि चीकही पुरेसा चांगला उतरत नाही. तेव्हा भाकडकाळातल्या गाईला कुणी आळशी म्हणत नाही. खुडूक कोंबडी 21 दिवस अंड्यांवर बसली तर त्या दिवसांत तिच्याकडून अंडं मागत नाहीत. जमीन एखादा हंगाम पडीक टाकतात, इंजिनाचं तेल तास मोजून बदलतात. आणि त्याच अंगणातून दीड महिन्याची बाळंतीण दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या घेऊन गोठ्याकडे निघाली, तर त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. विश्रांतीचं शास्त्र ज्या घराला इतकं पक्कं ठाऊक आहे, ते घर नेमकं हिच्यापाशीच ते का विसरतं?

विरोधी बाजूच्या काही गोष्टी आधी मान्य करतो. ‘सेल्फ-केअर’ या नावाखाली जे खपवलं जातं, त्यातलं पुष्कळसं निव्वळ बाजार आहे, हे शंभर टक्के खरं. बारा तासांच्या दिवसाला दहा मिनिटांचा लेप लावून काही भरून येत नाही. उलट ते दहा मिनिटंही जमली नाहीत म्हणून अपराधी वाटतं, म्हणजे कामांच्या यादीत आणखी एक काम वाढतं. पण बाजारानं शब्द नासवला म्हणून गरज खोटी ठरत नाही. हा शब्द सौंदर्यप्रसाधनांच्या आधी शुश्रूषाशास्त्रात रुळला होता. अमेरिकी परिचारिका डोरोथिया ओरेम यांनी त्यावर सगळा सिद्धांत उभा केला. माणसाला जगायला, बरं राहायला रोज जे करावं लागतं ते त्याला स्वतः करता येतंय का, आणि येत नसेल तर ती उणीव कोण भरून काढणार, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या अर्थानं पाहिलं तर झोप, पाणी, वेळेवर जेवण, वेळच्या वेळी लघवीला जाणं, जखम धुणं ही स्वतःची काळजी. धार काढायच्या घाईत सकाळभर लघवी धरून ठेवणारी आणि तिसऱ्यांदा मूत्रमार्गाचा संसर्ग झालेली बाई मेणबत्ती मागत नाहीये.

आता आज्यांकडे वळू. हा मुद्दा सगळ्यात जोरात मांडला जातो, म्हणून जरा थांबून पाहायला हवा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं 1920 साली 33 राज्यांतल्या सुमारे 10 हजार शेतघरांतल्या बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांचा वर्षभराचा सरासरी कामाचा दिवस 11.3 तासांचा निघाला, उन्हाळ्यात 13 तासांच्या वर. बहुतेकींना वर्षात ठरलेली अशी सुट्टी नव्हती. म्हणजे आज्या राबत होत्या हे खरंच. पण हे आकडे गोळा का करावे लागले, याचा विचार करा. ही माणसं थकून, आजारी पडून शेत सोडतायत, मुली शेतकऱ्याशी लग्न करायला तयार नाहीत, ही काळजी तेव्हाही होतीच. शिवाय जुन्या शेतघरात हात किती असत? सासू, नणंद, जाऊ, मोठ्या मुली, कधी ठेवलेली मोलकरीण. एका बाईच्या नावावर आपण जे काम मांडतो ते चार-पाच बायकांत वाटलेलं असे. आजच्या शेतघरात मोठी माणसं दोन, त्यातलं एक बहुधा नोकरीसाठी दिवसभर बाहेर. वर मुलांचा अभ्यास, बिलं, हिशेब, ऑनलाइन ऑर्डरी. आज्यांचं उदाहरण द्यायचं तर त्यांच्या घरातली माणसंही मोजा. आणि त्यातल्या किती जणी बाळंतपणात गेल्या, किती जणींचं अंग बाहेर येऊन त्या जन्मभर गप्प राहिल्या, तेही त्याच हिशेबात धरा. जगल्या वाचल्या त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचतात.

हे काम डोळ्यांआड कसं राहिलं, याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. आठ तासांच्या दिवसासाठी कामगारांनी एकोणिसाव्या शतकात रक्त सांडलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1919 सालचा पहिलाच करार आठ तासांच्या दिवसाचा, 48 तासांच्या आठवड्याचा होता. 1921 साली सात दिवसांत सलग 24 तास सुट्टीचा करार झाला. दोन्ही करार उद्योगांपुरते. अमेरिकेत 1938 साली किमान वेतनाचा आणि कामाच्या तासांचा कायदा आला, तेव्हा शेतमजूर त्याच्या बाहेर राहिले आणि घरकाम करणाऱ्या बायकाही बाहेर राहिल्या. शेत आणि घर, या दोन्ही जागा कायद्यानं वगळल्या, आणि शेतघरातली आई नेमकी या दोन्हींच्या मधोमध उभी आहे. तिच्या दिवसाला कुठल्याही बाजूनं कुंपण नाही. मग कुंपण घालण्याचं काम घरानंच करायचं, दुसरं कोण करणार?

‘पण मातीत राबणं हीच विश्रांती आहे,’ असं सांगणारे लोक मनापासून सांगतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सकाळचं ऊन, हालचाल, उगवलेलं रोप यांनी मन हलकं होतं. याच सुखासाठी तर लोक शहर सोडून येतात. पण व्यायाम आणि श्रम यांत फरक आहे. व्यायाम आपण थकलो की थांबवतो. श्रम काम संपेपर्यंत चालतात, तेही एकाच बाजूच्या स्नायूंवर, एकाच वाकलेल्या ठेवणीत. हातानं धार काढणारी आणि त्याच हातांनी दिवसातून वीसदा बाळ उचलणारी बाई अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय म्हणते. त्या कंडरांना सूज आलेली असते. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला झुकवलं की कळ येते, ही तिची खूण. त्यावर उपाय आहे, अंगठ्यासकट मनगट स्थिर ठेवणारा पट्टा आणि काही आठवडे धार दुसऱ्यानं काढणं. यातला दुसरा अर्धा भाग टाळला तर पट्ट्याचा उपयोग होत नाही, आणि तोच टाळला जातो. तसंच मनाचं. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येणं साहजिक आहे. ते दोन आठवड्यांपुढे गेलं, झोप मिळूनही झोप लागेना, बाळाकडे पाहून काहीच वाटेनासं झालं, तर तो आजार आहे. त्यासाठी 1987 पासून वापरात असलेली दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली आहे, आरोग्यसेविका ती पाच मिनिटांत भरून घेते. अशा बाईला ‘बागेत जरा हात चालव, बरं वाटेल’ म्हणणं प्रेमाचं असलं तरी घातक आहे. कायमचा थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या बाईत ते 12 ग्रॅमच्या खाली गेलं तर पंडुरोग धरतात. लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर घेतली तर ती अंगी लागत नाही, दोन्हींत तासा-दोन तासांचं अंतर हवं. शुद्ध हवेनं रक्त वाढत नाही.

झोपेवर वेगळं बोलायला हवं, कारण शेतघरात तिची किंमत नुसत्या चिडचिडीत मोजता येत नाही. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हात रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतके ढळतात, हे 1997 साली प्रयोगानं दाखवलं गेलं. पहाटे पाचला उठलेली आई रात्री दहाला त्या जागी पोहोचते, आणि तान्ह्या बाळासाठी रात्री तीनदा उठलेली असेल तर त्याच्या किती तरी आधी. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे मागं जोडलेलं अवजार फिरवणारा दांडा, मिनिटाला 540 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचं टोक त्यात गेलं तर हात मागे घ्यायची बुद्धी होईपर्यंत सगळं संपलेलं असतं.

याहून शांत धोका स्वयंपाकघरात आहे. घेवड्याच्या शेंगा बरणीत भरून टिकवायच्या तर उकळतं पाणी पुरत नाही. बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू 100 अंशांना मरत नाहीत, त्यासाठी बरण्या दाबाच्या भांड्यात 116 अंशांपर्यंत न्याव्या लागतात, लिटरच्या बरणीला 25 मिनिटं. आणि मध्येच दाब ठरलेल्या खुणेखाली उतरला तर तो पुन्हा चढवून मिनिटं पहिल्यापासून मोजायची. आता रात्रीचे अकरा वाजलेत, बाळ आत रडतंय, विसाव्या मिनिटाला काटा खाली आलेला दिसतो. नियम तिला पाठ आहे. प्रश्न एवढाच, की ती पुन्हा शून्यापासून सुरू करेल, की ‘राहिली पाचच मिनिटं’ म्हणेल? त्या बरणीतलं विष दिसत नाही, त्याला वासही नसतो. या बाईला झोपू देणं हे मुलांच्या ताटातलं अन्न सुरक्षित ठेवणं आहे. म्हणून उपाय त्या रात्रीच्या आधी करायचा. टोमॅटो एकदम पिकले तर ते धुऊन अख्खे गोठवून ठेवावेत. वितळताना साल आपोआप सुटते, आणि बरण्या भरायचं काम कामं कमी असलेल्या महिन्यात ढकलता येतं. शेंगांचा तोडा एकदम येऊ नये म्हणून पेरणीच तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन हप्त्यांत करावी.

सगळ्यात कठीण आक्षेप पुढचा आहे, आणि तो बायकाच घेतात. जनावराला रविवार नसतो. धार चुकली तर कासदाह होतो, पाणी चुकलं तर जनावर मरतं. हे निर्विवाद आहे. पण यावरून निष्कर्ष निघतो तो ‘काम रोज झालं पाहिजे’ एवढाच. ‘ते तिनंच केलं पाहिजे’ किंवा ‘इतकंच आणि असंच केलं पाहिजे’ हे त्यातून कुठं निघतं?

पाणीच घ्या. दुभती गाय दिवसाला 80 लिटर सहज पिते. दहा-दहा लिटरच्या दोन बादल्या धरल्या तर चार खेपा, वर्षाला 29 टनांहून जास्त ओझं, एका गाईपायी. एक नळी, एक टाकं आणि टाकं भरलं की पाणी आपोआप बंद करणारा एक फ्लोट व्हॉल्व्ह बसवला की हे ओझं नाहीसं होतं. फसतं कुठं, तर फ्लोट उघडा ठेवला की गाय तो मानेनं ढकलून मोडते, किंवा शेवाळ अडकून पाणी वाहत राहतं. म्हणून फ्लोटवर जाळीचं झाकण हवं आणि बंद करायची चावी टाक्याच्या बाहेर, जनावराच्या आवाक्याबाहेर. अशी कामं ‘सोय’ म्हणून मागे पडतात आणि नवं यंत्र आधी येतं, हे दुर्दैव. कामाच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या अभियंता लिलियन गिलब्रेथ यांना बारा मुलं झाली. 1924 साली पती गेल्यावर त्यांनी कारखान्यातलं हेच शास्त्र स्वयंपाकघरात आणलं. गवंड्यानं विटेसाठी वाकू नये म्हणून पाड उंच करायचा, तर बाईनं सिंकवर का वाकायचं? हलक्या कामाचा ओटा कोपराच्या 5 ते 10 सेंटिमीटर खाली असावा, मळण्या-दाबण्याचा त्याहून खाली. शेतघरात हाच नियम धार काढायच्या स्टुलाला, रोपांच्या टेबलाला, कपडे धुवायच्या दगडाला लागू होतो. चार विटांचा खर्च आहे.

धारेचं पाहा. वासरू महिनाभराचं झालं की ते रात्री गाईपासून वेगळं ठेवायचं, सकाळी एकदाच धार काढायची आणि दिवसभर वासरू आईजवळ सोडायचं. संध्याकाळची धार संपली. दूध कमी मिळतं, हे मान्य करूनच हे करायचं. काही गाई वासरासाठी पान्हा चोरतात, तेव्हा वासराला आधी दोन मिनिटं लावून मग धारेला बसावं. फायदा असा, की घराला दोन दिवस बाहेर जायचं असेल तर वासरू रात्रीही गाईजवळच ठेवलं की धारेचा प्रश्न उरत नाही. मात्र गाय जास्त दुधाची आणि वासरू लहान असेल तर दूध साचून कास घट्ट होते, आणि वासरू एखादा सड पीतच नाही. त्यामुळे असं बाहेर जायला वासरू दोन महिन्यांचं होईपर्यंत थांबावं आणि परतल्यावर चारही सड हातानं तपासावेत. दोन गाई असतील तर त्या एकाच सुमारास भरवाव्यात, म्हणजे दोघींचा भाकडकाळ एकत्र येतो आणि घराला सलग दोन महिने धारेतून सुट्टी मिळते. त्या दोन महिन्यांत दूध विकत आणावं लागतं. स्वयंपूर्णतेच्या अभिमानाला ते टोचतं, हे मला समजतं. पण बाईच्या झोपेवर चाललेली स्वयंपूर्णता ही उधारीच असते, फक्त ती वहीत लिहिलेली नसते.

राहिला ‘दुसऱ्या कुणाला जमत नाही’ हा मुद्दा. खरंच जमत नाही, कारण सगळी माहिती तिच्या डोक्यात असते. कुठल्या शेळीला जंताचं औषध कधी दिलं, कुठलं फाटक आतून कडी लावल्याशिवाय उघडतं, कुठली कोंबडी खुराड्याबाहेर झोपते. हात दिसतात, आठवणीचं ओझं दिसत नाही. आइसलँडमध्ये 24 ऑक्टोबर 1975 रोजी सुमारे 90 टक्के बायकांनी एक दिवस घरचं आणि बाहेरचं सगळं काम थांबवलं, तेव्हा बाप मुलांना घेऊन कचेरीत गेले. काम थांबलं तेव्हाच ते दिसलं. शेतघरात जनावरांमुळे असा संप करता येत नाही, म्हणून काम कागदावर उतरवून दाखवायचं. खाद्याच्या पिंपाशेजारी एक पान टांगावं, त्यावर कुणाला काय, किती, कधी. माप अंदाजाचं नको. खुराक प्रत्येक वेळेचा वेगळ्या पिशवीत तोलून, नाव लिहून ठेवावा आणि उरलेलं पिंप कुलुपात. बदली माणूस हमखास चुकतो तो इथंच. तो मायेनं जास्त घालतो, धान्यानं पोटात आम्ल वाढतं आणि शेळी दगावते. मग ‘बघ, तू नव्हतीस तर काय झालं’ म्हणायला जग मोकळं. तयारी तीन टप्प्यांत करावी. दोनदा तिच्या देखत, दोनदा ती घरात असताना पण गोठ्याकडे न फिरकता, आणि मग ती गावात नसताना. मधला टप्पा वगळला की पहिल्या तासात चार फोन येतात आणि ती अर्ध्या वाटेवरून परत फिरते.

आणि हे बदली माणूस पहिल्यांदा कोण असावं? नवरा. गाय नवऱ्याच्या हौसेनं आली असेल तर जास्तच. त्याला धार काढता येत नसेल तर शिकायला तीन आठवडे लागतात, आईपण शिकायला त्याहून जास्त लागले होते.

जिथं टाळाटाळीला जागाच नाही ती गोष्ट म्हणजे गरोदरपण. गरोदर बाईनं शेळ्या-मेंढ्यांच्या विण्याला हात लावू नये. गाभडलेलं पिल्लू, वार, ओली करडं यांतून क्यू ताप, क्लॅमायडिया, टॉक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया हे संसर्ग होतात आणि त्यांनी गर्भपात होऊ शकतो. त्या कामाचे कपडेही दुसऱ्यानं धुवावेत. दूध 63 अंशांवर 30 मिनिटं तापवल्याशिवाय पिऊ नये. आता याचं नियोजन बाळंतपणाच्या आठवड्यात करता येईल का? शेळीचा गाभणकाळ 150 दिवसांचा. दिवस राहिल्याचं कळलं त्याच आठवड्यात बोकड कळपातून वेगळा बांधला, आणि बाळ जन्माला येईपर्यंत वेगळाच ठेवला, तर बाळंतपणाच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत आणि नंतरच्या चार-पाच महिन्यांत एकही शेळी व्यायला येणार नाही. त्याआधी फळलेल्या शेळ्या मधल्या काळात वितील. त्यांच्या तारखा बोकड वेगळा केल्याच्याच दिवशी कॅलेंडरवर मांडाव्यात आणि प्रत्येक तारखेपुढे त्या रात्री गोठ्यात कोण जाणार त्याचं नाव लिहावं.